पाऊस देवाचा, धुरा आपला

पवनी,
अक्षय तृतीया

चिरंजीव नातीस,


हनुमान जयंतीच्या सप्ताहातून तू नागपूरला परतलीस आणि त्या रात्री फोनवर जे बोललीस, ते माझ्या मनातून जात नाही. लाखांदूर तालुक्यातल्या त्या गावात काल्याच्या कीर्तनाआधी तुला दहा मिनिटं दिली होती. तू पडद्यावर आलेख दाखवलेस, कर्बवायूचे आकडे सांगितलेस, आणि पुढे बसलेले एक म्हातारे बाबा उठून म्हणाले, "पोरी, देव मोठा का तुया कार्बन मोठा?" मंडप हसला. तू माइक ठेवून खाली उतरलीस. मला म्हणालीस, "आबाजी, या लोकांना सांगून काही उपयोग नाही."

त्या रात्री मी काही बोललो नाही. दुखावलेल्या माणसाला लगेच शिकवू नये, एवढं चाळीस वर्षांच्या मास्तरकीत कळलं आहे. आज सकाळी घागरी पुजल्या, पितरांना पाणी दिलं, आणि कागद घेऊन बसलो. तुला रागवायचं नाही. तुझी जी चूक झाली ती मी तुझ्याआधी केली होती, आणि तिची किंमत कितीतरी वर्षं मोजली होती. तेवढं तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो.

मी पंचविशीत होतो, विज्ञान शिकवायचो. त्या वर्षी आर्द्रा कोरड्या गेल्या, पुनर्वसूही तसाच. पऱ्हे पिवळे पडू लागले. गावानं धोंडी काढली, पोरं कडुनिंबाच्या डहाळ्या बांधून दारोदार फिरली, बायांनी त्यांच्यावर पाणी ओतलं. तरी आभाळ हललं नाही, तेव्हा महादेवाचा गाभारा पाण्यानं भरायचं ठरलं. विहिरी तळाला गेलेल्या, आणि माणसं पितळी गुंडांनी पाणी आणून पिंडीवर ओतताहेत. मला ते पाहवेना. मी पारावर उभा राहिलो आणि पाण्याची वाफ कशी होते, ढग कसे बनतात ते सांगितलं. तिथंच थांबलो असतो तर चाललं असतं. पण पुढे म्हणालो की दगडावर पाणी ओतून पाऊस आला असता, तर नदीतल्या दगडांवर रोज आला असता. शाळेतली पोरं हसली. मला वाटलं, मी जिंकलो.

पुढच्या उन्हाळ्यात मी गावच्या बोडीतला गाळ काढायला श्रमदानाची हाक दिली. तीन माणसं आली, त्यांतली दोन माझ्याच शाळेतली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं, काका, बोडी तुमचीच ना? पाणी तुमच्याच बांधीत जातं ना? ते म्हणाले, "मास्तर, गोष्ट खरी हाये तुमची. पर तुमी आमच्या महादेवाले हासले."

त्यांनी वाफ, ढग, पाऊस यांतलं काहीच नाकारलं नव्हतं. त्यांना नको होतो तो मी. हे समजायला मला वेळ लागला, आणि तोवर ती बोडी आणखी बुजली.

आता तुझ्या मंडपाकडे बघ. तुला वाटलं की तिथे बसलेल्यांना हवामान बदललं हेच मान्य नाही. तसं नाही. येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांनी २०२१-२२ च्या हिवाळ्यात भारतभर पाहणी केली होती. अर्ध्याहून अधिक लोकांनी सांगितलं की जागतिक तापमानवाढ या गोष्टीबद्दल आम्ही फारसं किंवा काहीच ऐकलेलं नाही. पण तीच गोष्ट दोन वाक्यांत समजावून विचारल्यावर शंभरातले चौऱ्याऐंशी म्हणाले, हो, हे घडतं आहे. अमेरिकेत या विषयावर जशी उघड दुफळी पडली आहे, तशी आपल्याकडे नाही. आपल्या माणसाला बदल रोज दिसतो. त्याच्याकडे त्या बदलाचं नाव वेगळं आहे आणि कारण वेगळं आहे. तो म्हणतो, कलियुग आहे. तो म्हणतो, नक्षत्रं फिरली. तो म्हणतो, माणसाची नियत फिरली म्हणून देव फिरला. तू त्याच्यासमोर चौथं कारण परक्या शब्दांत ठेवतेस, आणि त्याला वाटतं की त्याची तिन्ही कारणं हिसकावून घ्यायला कुणीतरी शहरातून आलं आहे.

नक्षत्रांचंच घे. धानाचा शेतकरी वर्ष मोजतो ते रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असं. सूर्य मृगात ७-८ जूनला जातो. माझ्या लहानपणीही जवळपास त्याच दिवशी जायचा. ही तारीख सरकते, पण इतकी हळू की एक दिवस पुढे जायला सुमारे बहात्तर वर्षं लागतात. म्हणजे मृग आपल्या जागी आहे, पाऊस जागचा हलला आहे. हे वाक्य मी एकदा आपल्या घाटावर चार म्हाताऱ्यांना ऐकवलं. त्यातले पंचांग बघणारे एक जण कितीतरी वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, मग पावसाले काय झालं? बाळा, एवढा प्रश्न समोरच्याच्या तोंडून यावा लागतो. तो आला की तुझं शास्त्र ऐकायला माणूस तयार झाला. तू मंडपात प्रश्न यायच्या आधीच उत्तर दिलंस.

उत्तर कसं द्यायचं, तेही सांगतो. कर्बवायू हा शब्द शेवटी आण. आधी पौषातली रात्र आठवायला सांग. आभाळ निरभ्र असलं की थंडी कडाक्याची पडते, सकाळी लाखोळीवर दव साचतं. आणि आभाळ भरून आलं की त्या रात्री थंडी पळते. हे आपल्याकडे शेतात जागल करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडते. ढग नसले तर ती निघून जाते, ढग असले तर बरीचशी परत जमिनीकडे येते. आता सांग की हवेत एक वायू असाही आहे, जो हेच काम करतो. ढग दिसतो, हा दिसत नाही. ढग दोन दिवसांत विरतो, यातला बराच भाग शेकडो वर्षं राहतो. जॉन टिंडल या शास्त्रज्ञानं १८५९ साली लंडनच्या प्रयोगशाळेत त्याचा हा गुण मोजून दाखवला, म्हणजे ही कालपरवाची अफवा नव्हे. १९५८ पासून हवाई बेटावरच्या एका डोंगरावर तो रोज मोजला जातो. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्यानं गेला. कोळसा जळताना कसा असतो ते आपल्याला लांब जाऊन बघावं लागत नाही, मौद्याला त्यावर वीज तयार होते आणि आपल्या घरातले पंखे त्यावर फिरतात.

एवढं झालं की धानावर ये. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आपल्याच शेतांवरच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासून २००४ साली सांगितलं, की तिथल्या कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एक अंशानं वाढलं की भाताचं उत्पन्न सुमारे दहा टक्के घटतं. दिवसाच्या उन्हाची तक्रार सगळे करतात. रात्र तापली तर धानाचं काय होतं, हे ऐकल्यावर माणसं पुढे सरकून बसतात, कारण हे त्यांच्या कोठीतलं धान आहे.

आणि पाऊस. आपला भाग म्हणजे मध्य भारत, आणि त्याच भागाचा अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिपावसाच्या घटना तिपटीनं वाढल्या. मोसमाचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट ओढ बसते. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, मग सोडते तेव्हा एकदम सोडते. आपल्या बायका हेच वेगळ्या शब्दांत सांगतात: रोवण्याच्या वेळेले पाणी नाही, आन कापणीच्या वेळेले पाणीच पाणी.

आता २०२० च्या पुराबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तुला कुणी ना कुणी त्याबद्दल विचारणारच. २९ आणि ३० ऑगस्टला वैनगंगेनं भंडारा शहर बुडवलं, आपल्याकडे गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले, आणि खालच्या गावांत पाणी शिरलं. लोक छपरांवर चढले, गुरं गोठ्यातच गेली. इथल्या पावसानं एवढा पूर आला नसता. पाणी वरून आलं, मध्य प्रदेशातून. तिकडे अतिवृष्टी झाली आणि शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरासह वरच्या धरणांतून विसर्ग झाला. म्हणून आजही कुणी तुला म्हणेल, हा पूर धरणवाल्यांनी आणला, तुझ्या हवामानानं नाही. त्याला खोडून काढू नको. विसर्ग कधी करायचा, कळवायचं कसं, दोन राज्यांनी एकमेकांशी बोलायचं केव्हा, हे माणसांचे निर्णय असतात आणि त्यांचा जाब मागायलाच हवा. हवामान बदललं आहे म्हणून कुणाची जबाबदारी कमी होत नाही. त्याला एवढंच विचार, की असा पाऊस पुन्हा पुन्हा पडणार असेल, तर जुन्या हिशेबानं बांधलेली धरणं आणि जुन्या सवयीनं उघडलेले दरवाजे पुरतील का? प्रत्येक पूर, प्रत्येक गारपीट हवामानबदलाच्या खात्यावर लिहू नको. एकदा खोटं खातं लिहिलं की खरी बाकीही कुणी मानत नाही.

उद्याचा पाऊस सांगता येत नाही आणि पन्नास वर्षांचं काय सांगता, असंही विचारतील. त्यांना मंडईची आठवण दे. दिवाळीनंतर गावची मंडई भरते तेव्हा अमका माणूस किती वाजता येईल हे कुणालाच सांगता येत नाही. पण त्या दिवशी गर्दी होणार आणि रात्री दंडारीला जागा मिळणार नाही, हे सगळे छातीठोक सांगतात. रोजचं हवामान म्हणजे तो एक माणूस. तू बोलते आहेस ते गर्दीबद्दल.

आता त्या बाबांच्या प्रश्नाकडे येतो. देव मोठा का कार्बन मोठा. तुला तो टोमणा वाटला. मला तो प्रश्न वाटतो, आणि आपल्याच जिल्ह्यानं त्याचं उत्तर शेकडो वर्षांपूर्वी मातीत लिहून ठेवलं आहे. कोहळी लोकांनी इथे तलाव बांधले, हजारो. नवेगावबांधही त्यातलाच, १९९९ पर्यंत तो आपल्याच जिल्ह्यात होता. ही माणसं देव मानणारी होती. बऱ्याच तलावांच्या पाळीवर आजही एखादा देव बसलेला दिसतो. पाऊस देवाच्या हाती, हे त्यांनी कधी अमान्य केलं नाही. पण पाळ किती उंच, पाणी सोडायचं तुडूम कुठे, सांडवा कोणत्या बाजूला, हे त्यांनी देवावर सोडलं नाही. पाऊस देवाचा, धुरा आपला, ही वाटणी आपल्या श्रद्धेत आधीपासून आहे. प्रत्येक शेतकरी मृगाआधी धुरे बांधतो. कलियुग आहे म्हणून या जिल्ह्यात कुणी रोवणी थांबवलेली मी पाहिली नाही. त्या बाबांनाही हे पटेल. तू फक्त वाटणीची आठवण कर आणि सांग की आता धुरा मोठा झाला आहे. तो गावाच्या शिवेवर संपत नाही, आभाळापर्यंत गेला आहे.

हे तलाव सांभाळणारी मालगुजारी १९५१ मध्ये गेली, ते सरकारजमा झाले, त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणू लागले, आणि देखभाल करणारा हात सुटला. गाळ भरला, बेशरम माजली. अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढीवर समाजाच्या बायका-पुरुषांना बरोबर घेऊन असे तलाव पुन्हा जिवंत केले आहेत. बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणले. त्यांच्या कामाकडे एकदा नीट बघ. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे त्यांनी ढीवरांना शिकवलं नाही, ढीवरांकडून शिकून घेतलं. बदलत्या पावसाला तोंड द्यायचं तर भंडाऱ्यात तलावापासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. अतिवृष्टीचं पाणी अडवायला तोच, आणि ओढीच्या दिवसांत रोवणी वाचवायलाही तोच.

धार्मिक माणसाला नवी गोष्ट सांगता येत नाही, असं विदर्भात राहून तरी म्हणू नको. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत. दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. कीर्तनात प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. ज्या माणसानं आपला नाला उपसला त्याचं बोलणं लोक खाली बसून ऐकत. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं म्हणत गाव, शेती, सफाई, शिक्षण हे सगळं ग्रामगीतेच्या एकेचाळीस अध्यायांत आणलं, आणि आजही गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला आपल्याकडे गावोगाव माणसं जमतात. बाबा जुमदेवांच्या परमात्मा एक सेवकांत भंडारा-मौद्याकडच्या किती घरांनी दारू सोडली, ते तू तुझ्या आईला विचार. डॉक्टरांच्या पत्रकानं जे झालं नसतं ते एका शपथेनं झालं. श्रद्धा माणसाला जुन्या खोड्यातून सोडवू शकते, याचे पुरावे आपल्या अंगणात आहेत.

मी स्वतःही असाच सुधारलो. महादेवावरून गाव रुसल्यावर मी दोन वर्षं काहीच बोललो नाही. संध्याकाळी गुरुदेवच्या प्रार्थनेला जाऊन मागे बसायचो. कुणाच्या घरी मयत झाली तर जायचो, कुणाचा अर्ज लिहून द्यायचो. तिसऱ्या वर्षी प्रार्थना संपल्यावर ज्यांनी मला महादेवाचं बोलून दाखवलं होतं तेच काका उठले आणि म्हणाले, मास्तरची ती बोडी काढू. अर्धीच निघाली. पण निघाली.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत लिहितो. श्रद्धावंतांशी बोलताना त्यांना आवडेल असं खोटं कधी बोलू नको. हा मोह तुला होईल. पुराणांत कर्बवायू सांगितला आहे असं म्हटलंस तर टाळ्या पडतील. हा देवाचा कोप आहे म्हटलंस तर मंडप चिडीचूप होईल. पण कोप म्हटला की उपाय शांतीचा होतो, पर्जन्ययज्ञाचा होतो, तलाव तसाच गाळात राहतो. आणि उद्या कुणी जाणतं माणूस उठून विचारेल, कोणत्या पुराणात, कोणत्या अध्यायात? त्या दिवशी तुझं खरं शास्त्रही त्या खोट्याबरोबर जाईल. सृष्टी ही देवाची ठेव आहे, ती सांभाळायची, असं त्यांना वाटतं. ते त्यांच्या तोंडून येऊ दे. तू त्यात तापमानाचा खरा हिशेब ठेव.

आज अक्षय तृतीया, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होणार आणि उद्या पहाटे पिकापाण्याचं भाकीत सांगितलं जाणार. तीनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे म्हणतात. घटाभोवतीच्या धान्याच्या हालचालीवरून पाऊस कळतो याला शास्त्राचा आधार नाही, आणि कुणी विचारलं तर तसं स्पष्ट सांग. पण लोक तिथे का जातात, हेही बघ. भाकीत त्यांच्या भाषेत असतं, त्यांच्या सणाला असतं, त्यांच्या प्रत्येक पिकाचं नाव घेऊन असतं, आणि सांगणारा माणूस समोर उभा असतो. हवामान खात्याचा मोसमाचा अंदाजही एप्रिलमध्येच येतो. तो टक्केवारीत येतो, दिल्लीहून येतो, आणि धान हा शब्द त्यात नसतो. आपल्या खात्याचं काम खरं आहे, सांगणं अपुरं आहे. ती उणीव तुझ्यासारख्यांनीच भरून काढायची.

सगळ्या श्रोत्यांना एकच चाल लावू नको. पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात मोठा स्तूप निघाला, आणि आपल्या जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे. विहारात बोलशील तेव्हा देवाच्या ठेवीची भाषा तिथे लागू होणार नाही. तिथे कार्यकारणाची भाषा चालते. हे असलं तर ते होतं, हे थांबवलं तर ते थांबतं, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार त्यांनी लहानपणापासून ऐकलेला असतो. हवामानबदल समजायला याहून सरळ वाट मला माहीत नाही.

जगातल्या धर्मगुरूंनीही या विषयावर लिहिलं आहे. २०१५ या एका वर्षात पोप फ्रान्सिस यांचं मोठं पत्र आलं, इस्तंबूलमध्ये मुस्लीम विद्वानांचं निवेदन आलं, हिंदू आणि बौद्धांची निवेदनंही आली. चांगलं झालं, पण असले कागद आपल्या पारापर्यंत पोचत नाहीत. मला त्यांच्याहून कॅथरीन हेहो या बाईंची गोष्ट जास्त उपयोगी वाटते. त्या हवामानशास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये शिकवतात, आणि श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. लग्नानंतर त्यांना कळलं की आपल्या धर्मोपदेशक नवऱ्यालाच हे शास्त्र पटत नाही. त्याला पटवायला वर्षाहून अधिक काळ लागला. घरातल्या एका माणसाला एवढे दिवस लागले, आणि तू दहा मिनिटांत मंडप जिंकायला निघाली होतीस.

शिकलेले शंकेखोर वेगळे असतात. भंडाऱ्याच्या बसमध्ये तुला एखादा तरुण म्हणेल, गोऱ्यांनी शंभर वर्षं कोळसा जाळला, आणि आता आपण पुढे यायला लागलो तर हे आपल्याला थांबवायला निघाले. त्याचं पहिलं अर्धं बरोबर आहे, ते आधी मान्य कर. आजही कोळसा-तेलाच्या धुरातून अमेरिकेतला एक माणूस वर्षाला सुमारे चौदा टन कर्बवायू सोडतो, आपल्याकडचा सुमारे दोन टन. जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे १९९२ च्या रिओ परिषदेत जगानं लिहून मान्य केलं आहे. धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्याखाली मिथेन तयार होतो हेही खरं आहे, ते लपवू नको. पण रोवणारीला गुन्हेगार ठरवून बोलायला सुरुवात केलीस तर तिथेच सगळं संपलं. श्री पद्धतीनं रोवलं तर पाणीही वाचतं आणि तो वायूही कमी होतो. तिथून सुरू कर. दुसरं अर्धं, म्हणजे हा सगळा डाव आहे, ते मात्र चूक आहे. २०२४ हे १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, आणि ते आपल्याच हवामान खात्यानं मोजलं.

आणि एक. मंडपात पुढे पुरुष बसतात. रोवणी बायका करतात, तेंदूपत्ता तोडायला पहाटे बायका जातात, पलीकडे ब्रह्मपुरीत पारा सत्तेचाळीसला टेकतो तेव्हा उन्हात त्याच असतात. तू मंडपात बोललीस, बोअरिंगवर कुणाशी बोलली नाहीस. पुढच्या वेळी बचत गटाच्या बैठकीला जा, आणि आधी त्यांचं ऐक.

मृगाला अजून महिना-दीड महिना आहे. त्याआधी त्या गावाला पुन्हा जाऊन ये. त्या बाबांच्या घरी जा, पाया पड, आणि विचार की तुम्ही पहिल्यांदा नांगर धरला तेव्हा मृगात पाऊस कसा पडायचा. पडदा आणि आलेख नेऊ नको. जाताना पवनीत उतर आणि माझी जुनी वही घेऊन जा, जिच्यात मी कितीतरी वर्षं पावसाचे दिवस आणि रोवणीची सुरुवात टिपली आहे. एका मास्तरच्या वहीनं जगाचं हवामान सिद्ध होत नाही, हे तुला ठाऊक आहे आणि त्यांनाही सांग. पण ती नक्षत्रांप्रमाणे लिहिली आहे, त्यांना वाचता येईल. मागची पानं कोरी आहेत. ती त्यांच्याकडून भरून आण.

तुझा,
आबाजी